डाव्या गाठीबद्दल दुरुस्ती

दादा,

तुझ्या हॉस्पिटलच्या फाइलमध्ये एक वाक्य आहे. मूळ इंग्रजीत आहे. मराठीत ते असं होईल : 'डाव्या गाठीचा नमुना देण्यास रुग्णाने नकार दिल्यामुळे तपासणीस विलंब.' रुग्ण म्हणजे तू. तू नकार दिला नव्हतास. हे तुला माहीत होतं आणि मला माहीत आहे. तू जाऊन आज बारा दिवस झाले, त्यामुळे हे माहीत असलेलं माणूस आता मी एकटीच.

ते वाक्य काढायचं मी ठरवलं आहे. त्यासाठी आधी वहिनींना सांगावं लागेल, मग तुझ्या ईशानला, मग डॉक्टरीणबाईंना. क्रम हाच. वहिनींना सांगितल्यावर त्या मला तुमच्या, चंदीगडबाहेरच्या खरड गावातल्या घरात पुन्हा येऊ देतील की नाही, ते माहीत नाही. तरी उद्या तेरावा होऊ दे, परवा सकाळी जाते.

वर्तमानपत्राच्या डेस्कवरची सत्तावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका काढण्यात घालवली, असं तू म्हणायचास. बरोबर म्हणायचास. आमच्याकडे चूक छापून गेली की दुरुस्ती द्यायची पद्धत होती. त्याच पानावर, दोन ओळी, कारणं द्यायची नाहीत. या दुरुस्तीत कारणं द्यावी लागतील.

तुझं आणि माझं एक भांडण अर्धवट राहिलं आहे, तिथून सुरू करते. खरडच्या फ्लायओव्हरवर एकाच सकाळी धुक्यात दोन अपघात झाले होते. पानावर जागा चार ओळींची. मी दोन्ही एकत्र केले : दाट धुक्यामुळे दोन अपघात, तिघे जखमी. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तुझा फोन.

"संपादकीणबाई, दुसरा अपघात धुक्याने झालेला नाही. मी तिथे उभा होतो. ट्रकचा मागचा टायर फुटला."

"धुकं होतं की नव्हतं?"

"होतं."

"मग?"

"मग काय मग? धुकं होतं म्हणून टायर धुक्याने फुटला?"

"चार ओळी होत्या रे दादा."

"तर एकच अपघात छापायचास. अर्धी बातमी परवडली. ही जोडलेली नको."

मी फोन ठेवला. दुरुस्ती दिली नाही, कारण चार ओळींच्या बातमीला कोण देतं? पण तू काही सोडलं नाहीस. नंतर मी कुठलीही गोष्ट रंगात येऊन सांगायला लागले की तू मधेच विचारायचास, "टायर धुक्याने फुटला का?" वहिनींना वाटायचं, हा भावाबहिणीचा गावाकडचा, कराडचा काहीतरी जुना विनोद असेल.

मागच्या वर्षी थंडी सरली तरी तुझा खोकला सरला नाही. "आधी धुकं होतं, आता धूळ आहे, खोकू नको तर काय करू," म्हणत तू तीन आठवडे काढलेस. मग मोहालीतल्या एका खासगी हॉस्पिटलात स्कॅन झाला. उजव्या फुफ्फुसात वर एक मोठी गाठ, डावीकडे खाली एक लहान, हरभऱ्याएवढी. उजवीत सुई घालून नमुना घेतला. कर्करोग निघाला. त्या नमुन्याची जनुकांची तपासणी झाली आणि त्यात ईजीएफआर नावाच्या जनुकात बदल सापडला. डॉक्टर म्हणाले, त्यातल्या त्यात ही चांगली बातमी, कारण नेमक्या त्या बदलावर काम करणारी गोळी मिळते. रोज एक गोळी, केस जात नाहीत, घरी राहता येतं.

पुढच्या उपचारासाठी चंदीगडच्या मोठ्या हॉस्पिटलात जायचं ठरलं. तेव्हा तुझी फाइल चाळीस पानांची झाली होती. रक्ताचे रिपोर्ट, स्कॅन, सुईचा अहवाल, जनुकांचा अहवाल, डिस्चार्जचा कागद. मी ती एका दुपारी घेऊन बसले आणि एका पानाचा सारांश तयार केला. वरती नाव, वय, मग तारखेवार घटना, शेवटी निदान. निदानाची ओळ मी अशी लिहिली : दोन्ही फुफ्फुसांत गाठी, ॲडिनोकार्सिनोमा, ईजीएफआर बदल आढळला.

यातला प्रत्येक शब्द खरा होता. दोन्ही फुफ्फुसांत गाठी होत्या. ॲडिनोकार्सिनोमा, म्हणजे तो कर्करोग, होता. बदल आढळला होता. पण तो उजवीत आढळला होता. डावीचा नमुना कोणी घेतलाच नव्हता, आणि डिस्चार्जच्या कागदावर, फाइलच्या सतराव्या पानावर, तसं स्पष्ट लिहिलं होतं : डाव्या गाठीचा नमुना घेतलेला नाही, पुढे विचार करावा. ती ओळ मी वाचली होती. सारांशात तिला जागा दिली नाही. वाक्य लांबत होतं.

आमच्या धंद्यात याला कॉपी घट्ट करणं म्हणतात. त्या कामात मी चांगली होते.

नव्या हॉस्पिटलात सगळे त्या पानावर खूश झाले. एक तरुण डॉक्टर तर म्हणाला, "मैडम, काश सब लोग ऐसी फाइल लाते." तू माझ्याकडे बघून भुवया उडवल्यास. माझी मान ताठ झाली होती, हे कबूल करते. ते पान फाइलच्या सगळ्यात वर लागलं आणि मूळ कागद खाली गेले. पुढच्या भेटीत त्याच तरुण डॉक्टरने एकदा विचारलंसुद्धा, "बाईं तरफ का सैंपल हुआ था?" तू तेव्हा वजनकाट्यावर उभा होतास. उत्तर मी दिलं. बोट त्या ओळीवर ठेवलं आणि म्हणाले, "लिखा है ना, दोनों." मी खोटं बोलत नव्हते. मीच लिहिलेलं वाचून माझीच खात्री पटली होती.

त्याने मूळ अहवाल उघडायला हवा होता, हे खरं. ते त्याचं. हे माझं.

तुला आठवतं का, ओपीडीच्या बाहेर संगरूरहून आलेले ते सरदारजी भेटायचे? पहिल्याच दिवशी त्यांनी तुला विचारलं, "तुहाडा किहड़ा पासा जी?" म्हणजे कुठली बाजू. तू म्हणालास, "दोनों, पाजी. फुल सेट." ते इतके हसले की त्यांना खोकल्याची उबळ आली आणि मग तुलाही. बाकावरची निम्मी माणसं खोकत हसत होती. नर्स बाहेर येऊन ओरडली. त्या बाकावर तू दहा महिने सगळ्यांना तुझ्या एअर फोर्सातल्या विमानांच्या गोष्टी सांगितल्यास. मी शेजारी बसून ऐकत होते आणि मनातल्या मनात कापत होते, इथे लांबलं, इथे पुनरुक्ती. आता त्यातली एकही गोष्ट मला सलग आठवत नाही. कापलेलं कुठे जातं, हा प्रश्न मला सत्तावीस वर्षांत पडला नव्हता.

गोळीने तीन महिन्यांत उजवी गाठ निम्मी झाली. डावी तेवढीच राहिली, किंचित वाढलीच. "उजवी शहाणी झाली, डावी अजून माजलीय," असं तू वहिनींना सांगितलंस. डॉक्टर म्हणाले, कधीकधी एकाच रोगाच्या दोन गाठी औषधाला वेगवेगळी दाद देतात, आणखी एक स्कॅन बघू. पुढच्या स्कॅनमध्ये उजवी आणखी लहान आणि डावी लिंबाएवढी. तेव्हा पहिल्यांदा डावीत सुई गेली.

निकाल सांगायला मोठ्या डॉक्टरीणबाईंनी आपल्याला आत बोलावलं. तू, मी आणि वहिनी. ईशान ऑफिसातून निघाला होता, एअरपोर्ट रोडवर अडकला होता. बाईंनी दोन अहवाल शेजारी शेजारी ठेवले. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही गाठी सारख्याच दिसत होत्या. पण जनुकांत काहीच जुळत नव्हतं. उजवीतला ईजीएफआरचा बदल डावीत नावालाही नव्हता. डावीत केरास नावाच्या वेगळ्याच जनुकात बदल होता, आणि तो उजवीत नव्हता. डावी उजवीपासून फुटलेली असती, तर मुळातला बदल तिच्यात आलाच असता, असं बाईंनी कागदावर दोन झाडं काढून समजावलं. वरच्या फांद्या वेगळ्या असू शकतात, बुंधा तरी एक हवा. इथे बुंधेच दोन होते.

"अंकल जी, ये एक बीमारी दो जगह नहीं थी," त्या म्हणाल्या. "ये दो बीमारियां थीं. जो गोली आप खा रहे थे, वो बाईं वाली के लिए थी ही नहीं."

वहिनींनी विचारलं, हे दोन वेगळे आजार एका माणसाला कसे होतात? बाई म्हणाल्या, होतात, फार नाही, पण होतात. हे बदल जन्माचे नसतात, त्या त्या गाठीत घडलेले असतात, त्यामुळे मुलाची त्या कारणाने काळजी करू नका, असंही सांगितलं. वहिनींनी पदर डोळ्यांना लावला तो तिथे.

तू मात्र कागदावर वाकून दोन्ही झाडं बघत होतास. एअर फोर्सात इंजिन फिटर म्हणून लागलास आणि वॉरंट ऑफिसर होऊन बाहेर पडलास, त्यामुळे कुठलाही आजार तू विमानातून समजून घ्यायचास. "हमारे यहाँ भी यही है, मैडम," तू म्हणालास. "दो इंजन, दो लॉगबुक. एक की लॉगबुक पढ़ के दूसरे को कोई क्लियर नहीं करता. जो करे, उसकी छुट्टी."

मग बाईंनी फाइल उघडली आणि पहिलं पान वाचलं. माझं पान. नंतर खालचे कागद उलटले, सतरावं पान आलं, आणि त्या थांबल्या.

"यहाँ तो लिखा है, बाएं का सैंपल नहीं हुआ. फिर छह महीने तक किया क्यों नहीं?"

मला तेव्हा कळलं. त्या क्षणी, त्या खोलीत.

तू म्हणालास, "मैंने ही मना किया था, मैडम. एक बार सुई लगवा ली थी, दूसरी बार हिम्मत नहीं हुई."

बाईंनी ते लिहून घेतलं. ते हे वाक्य.

वहिनी तुझ्याकडे बघत राहिल्या. मी जमिनीकडे.

पार्किंगमध्ये वहिनी ईशानला फोन करायला बाजूला गेल्या, तेव्हा मी तुझा दंड धरला. "दादा, तू असं का..."

"गाडी काढ."

"मी आत जाऊन सांगते त्यांना."

"काय सांगणार? आणि त्याने डावी लहान होणार आहे का?"

"पण ते खोटं आहे."

"असू दे. तुला अजून वर्षभर मला इथे आणायचंय. तुझी वहिनी तुला गाडीत बसू देईल का मग? ईशानला सुट्टी मिळत नाही. तू गाडी काढ."

त्या दिवशी तू टायरचं नाव काढलं नाहीस. एकदाही नाही. तू ते म्हणाला असतास तर मी रडले असते आणि विषय संपला असता. तू म्हणाला नाहीस, म्हणून संपला नाही.

मी गाडी काढली. दादा, इथे मला अचूक राहायला हवं. मी गप्प राहिले ते तुझ्या सांगण्यावरून, असं मला लिहिता येईल आणि ते बरोबर वाचलं जाईल. पण मला हायसं वाटलं होतं. तुझ्या उपचारांची सोय हे कारण होतंच. माझी सुटका हेही होतं. पुन्हा मी दोन गोष्टी एका ओळीत घातल्या असत्या, म्हणून वेगळ्या लिहिते.

आणि आणखी एक. माझ्या वाक्यामुळे तू गेलास, असं मी लिहीत नाही. तेवढा पुरावा माझ्याकडे नाही. डावी हरभऱ्याएवढी असताना तपासली असती, तर कदाचित ती वेगळी काढता आली असती, कदाचित किरणांनी जाळता आली असती. बाईंना मी नंतर विचारलं. त्या म्हणाल्या, इतक्या लहान गाठीत सुई घालणं जोखमीचं असतं, पुष्कळदा दुसरी बाजू कोणीच तपासत नाही, दोन्ही एकच धरून चालतात. तेव्हा कळलं असतं तर काय झालं असतं, हे त्या सांगू शकल्या नाहीत. मीही सांगू शकत नाही. सांगता येतं ते एवढंच, की सहा महिने डावीवर काहीच उपचार नव्हते, आणि ते का नव्हते याची नोंद चुकीची आहे.

त्या दिवसापासून वहिनींनी तुला एकच गोष्ट ऐकवली. तू वरण जास्त मागितलंस तरी, तुला थंडी वाजली तरी. "तेव्हा सुई घालून घेतली असतीत तर." केमो सुरू झाली, केस गेले, डावी पोटात पसरली, आणि प्रत्येक टप्प्यावर तेच. "विमानाला भीत नव्हता, सुईला भ्यालात." मी त्या खोलीत असायचे. तू एकदा माझ्याकडे बघून डोळा मारलास. ते मला फार लागलं. त्यात कसलाही दोष नव्हता म्हणून लागलं.

तीस वर्षांपूर्वी मी चंदीगडला नोकरीला आले, तेव्हा माझा पगार, खोली आणि हिंदी तिन्ही बेताची होती. तू तेव्हा इथल्या तळावर होतास. रविवारी सकाळी रिकाम्या रस्त्यांवर मला स्कूटर शिकवायला घेऊन जायचास. चालू करण्याआधी तिच्याभोवती एक फेरी मारायला लावायचास. टायर, ब्रेक, दिवा, आरसा. मी कंटाळून म्हणायचे, कालच तर बघितलं. तू म्हणायचास, काल बघितलं ते काल झालं. एक गोल चौक ओलांडताना मी पडले, गुडघा फुटला, आणि तू आधी स्कूटर उचललीस. मी किती बोंब मारली. "तू बोलतेयस, म्हणजे ठीक आहेस. ती बोलत नाही," म्हणालास. त्या शहाणपणावर मी इथे माझं आयुष्य उभं केलं. ते तुला कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू महिनाभर चिडवलं असतंस.

तू गेल्यापासून खरडच्या घरी माणसं येताहेत. निवृत्तीनंतर तू शिकवायचास त्या कॉलेजातली वर्कशॉपची मुलं, तळावरचे जुने सोबती, महाराष्ट्र मंडळातली सगळी. वहिनी प्रत्येकाला तेच सांगतात. "स्वभाव हट्टी. दुसऱ्यांदा सुईला तयारच झाले नाहीत." लोक मान हलवतात. काल ईशान मला म्हणाला, "आत्या, पापा जिद्दी थे, बस. नहीं तो आज यहाँ होते." हे तो पुढे त्याच्या मुलांना सांगेल. तुझ्याबद्दल घरात उरणारी ही गोष्ट असेल.

नवव्या दिवशी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. शिकाऊ डॉक्टरांच्या बैठकीत तुझी केस मांडायची आहे. दोन्ही गाठींचे उरलेले नमुने हॉस्पिटलकडे आहेत, त्यांची आणखी बारकाईने तुलना करायची आहे. त्यासाठी वहिनींची संमती हवी. केसचा मसुदा त्यांनी मला वाचायला पाठवला. नाव नाही, फक्त वय आणि पुरुष. शेवटी धडा लिहिला होता : रुग्ण दुसऱ्या नमुन्याला नकार देतात, त्यांचं मन वळवावं.

तो धडाच चुकीचा आहे. खरा धडा वेगळा आहे, आणि तो त्या बैठकीतल्या एखाद्याने नीट ऐकला तर पुढच्या माणसाची दुसरी गाठ वेळेवर तपासली जाईल.

मसुदा ताडून पाहायला तुझी फाइल काढली. माझ्या पानावर, त्या ओळीशेजारी, पेन्सिलने लिहिलेलं दिसलं : 'डावी?' अक्षर तुझं. तू आयुष्यभर प्रत्येक खुणेखाली सही आणि तारीख घातलीस. इथे दोन्ही नाही. निकालानंतर लिहिलं असशील, तर तू नुसतं चूक कुठे झाली ते शोधलंस. आधी लिहिलं असशील, तर तुला शंका आली होती आणि मला दुखवायला नको म्हणून तू विचारलं नाहीस. यातलं कुठलं, ते मला कधीच कळणार नाही. तुझ्यावर मला राग आहे तो इतकाच. विचारायचंस रे. नेहमीसारखा सकाळी सातला फोन करायचास.

*

वरचं लिहून नऊ दिवस झाले.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी खरडला गेले. ईशान जिन्यातच भेटला, लॅपटॉपची बॅग घेऊन निघाला होता. वहिनी तुझे स्वेटर उन्हात टाकत होत्या. मी चहा नको म्हणाले आणि बसायच्या आत सांगायला सुरुवात केली. सारांश, सतरावं पान, वजनकाटा, ती खोली, पार्किंग, शेवटी डॉक्टरीणबाईंचा फोन आणि संमतीची सही. लिहिलं होतं त्याच क्रमाने सांगितलं. ईशान दारात उभा होता, तो आत आला आणि बॅग न काढताच खाली बसला.

वहिनींच्या हातात तुझा निळा स्वेटर होता. त्यांनी त्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"म्हणजे ह्यांनी नाही म्हटलंच नव्हतं?"

"नाही."

"कधीच?"

"दादाला कोणी विचारलंच नाही, वहिनी. मला विचारलं होतं. मी झालंय म्हणाले."

"आणि मी चार महिने..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. "शेवटच्या सकाळीसुद्धा म्हणाले हो मी. पाणी पाजताना म्हणाले."



"तुम्ही तिथेच बसलेल्या असायचात, शुभाताई. मी बोलायचे तेव्हा. इथे, ह्या खुर्चीत."

"हो."

"आता जा तुम्ही."

मी उठले. ईशान म्हणाला, "माँ..." त्या म्हणाल्या, "तू गप्प बस." मी खाली आले आणि गाडीत बसले.

पाच दिवस फोन नाही. मी डॉक्टरीणबाईंना पत्र लिहून ठेवलं होतं, पण पाठवलं नाही. वहिनी नाही म्हणाल्या असत्या तरी मी ते पाठवलं असतं. फक्त त्यांच्या आधी नको होतं. सहाव्या दिवशी त्यांचा फोन आला.

"त्या बाईंकडे उद्या कितीला जायचंय?"

"अकराची वेळ घेते. पण वहिनी, मी एकटी..."

"सही माझी लागते ना? मग मी येतेय. मी कॅबने येईन. तुम्ही न्यायला येऊ नका."

आम्ही हॉस्पिटलात वेगवेगळ्या पोचलो. बाईंनी माझं पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. मग म्हणाल्या, "मैडम, आप ये न भी लिखतीं तो चलता. पुरानी फाइल कौन पढ़ता है?"

मी उत्तर देणार होते. वहिनी आधी बोलल्या. "हम पढ़ते हैं."

बाईंनी फाइलमधलं ते वाक्य खोडून शेजारी सही केली आणि मसुदा पडद्यावर उघडला. विलंबाचं कारण खोडलं आणि लिहिलं : नातेवाइकाने तयार केलेल्या सारांशातील चुकीवर विसंबल्यामुळे, मूळ अहवाल पाहिला गेला नाही. मी म्हणाले, नातेवाइकाने नको, बहिणीने लिहा. त्यांनी तसं लिहिलं. धड्याच्या ओळीत त्यांनी बराच विचार करून दोन वाक्यं टाकली. प्रत्येक गाठ वेगळी धरावी, तिची स्वतंत्र तपासणी होईपर्यंत. सारांश म्हणजे अहवाल नव्हे. "पूरी बात ही बदल गई," त्या स्वतःशीच म्हणाल्या. नमुन्यांचं काम किती दिवस चालेल, तेही सांगितलं. दोन्ही गाठींची शेकडो जनुकं शेजारी शेजारी ठेवून बघणार आहेत.

संमतीचा कागद त्यांनी वहिनींपुढे ठेवला. वहिनींनी पेन उचललं आणि तसंच धरून ठेवलं.

"इसमें एक बात और लिखो," त्या पडद्यावरच्या मसुद्याकडे बघत म्हणाल्या. "लिखो, पेशंटने मना नहीं किया था."

"आंटी जी, वो तो इसी से समझ में आ जाता है."

"समझ में नहीं. लिखके."

बाईंनी लिहिलं. वहिनींनी चष्मा पुसून ते वाचलं आणि पडद्यावर बोट ठेवून मला विचारलं, "हे असंच राहील ना? पक्का?" मी राहील म्हणाले. मग त्यांनी सही केली.

लिफ्टमध्ये आम्ही दोघीच होतो. चौथ्या मजल्यावरून खाली येईपर्यंत त्या आकड्यांकडे बघत होत्या. दार उघडायच्या जरा आधी म्हणाल्या, "मी अजून रागावलेली आहे, शुभाताई."

"हो, वहिनी."

"तुमच्यावर. ह्यांच्यावर नाही आता."

दादा, मला एवढंच हवं होतं.